कुणाच्या नावानं

“…पण मग चोरी संपते कुठं आबा, आणि देवघेव सुरू होते कुठं? तेवढी रेघ दाखवा. मी लगेच उठतो.”

केरबा आबा आपल्या ओट्यावर होते. मोरपिसांची टोपी मांडीवर घेऊन ते तिच्यातलं एक मोडकं पीस उपटत बसले होते.

आबा म्हणजे वासुदेव. दिवस उगवायच्या आत त्या खोऱ्यातली गावं पायाखाली घालणारे, दारोदार गाणारे, झोळीत पडेल ते दान घेणारे. आजा वासुदेव, बाप वासुदेव, आणि हेही.

विचारणारा होता मंदार. पुण्याचा गवय्या. गळा असा, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. आबांचंच एक गाणं तो रंगमंचावर गायचा. तशीच टोपी, तसाच घोळदार झगा. त्याआधी लोक त्याला ‘तयारीचा गायक’ म्हणायचे आणि घड्याळ बघायचे. हे गाणं आलं आणि लोक रडायला लागले.

मग कुणीतरी मोबाईलवर लिहिलं, हे गाणं चोरीचं आहे. झालं! वणवा पेटावा तसं ते पसरलं.

ते लिहिणारा तिथंच खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. सोपान. आबांच्या धाकट्या भावाचा मुलगा. टेम्पो चालवायचा. झोळी त्यानं कधी खांद्याला लावली नव्हती, पण गाण्यावरचा हक्क म्हणाल तर तसूभर सोडायला तयार नव्हता.

“चोरी संपतच नसते,” सोपान म्हणाला. “चोरीची म्हैस गोठ्यात म्हातारी झाली म्हणून काय तुमची होते?”

मंदारला राग आला. तो काही ऐकून घ्यायला आला नव्हता, जिंकायला आला होता. आणि खोटं कशाला बोला, घाबरलाही होता. ते लिहिणं पसरल्यापासून गाण्याच्या पहिल्या ओळीलाच त्याचा आवाज बसायचा. हे गाणं गेलं तर आपण परत नुसते तयारीचे गायक, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“तुमचं तरी सगळं तुमचं आहे का?” तो म्हणाला. “चिपळ्या सुतारानं केल्या. टाळ ओताऱ्यानं ओतले. या झग्याचा घेर कुठल्या दरबारातून आला, देव जाणे. तुम्ही कुणाला विचारलंत?”

आबा खुदकन हसले.

“खरं हाय त्याचं, सोपाना. आन् पिसं? मोराला कुनी इचारलं?”

“आबा, तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलताय?”

“मोराच्या.”

मंदारलाही हसू फुटलं. सोपानला नाही फुटलं.

“हसा,” तो म्हणाला. “माझा बाप हीच टोपी घालून तालुक्याच्या नव्या कॉलनीत गेला होता. कुत्रं सोडलं अंगावर. पोटरी फाडली त्याची. आता त्याच कॉलनीतली माणसं तिकीट काढून ह्यांच्यापुढं बसतात आणि डोळे पुसतात. टोपी तीच. गाणं तेच. खालचं डोकं तेवढं बदललं.”

…

मंदारचं हसू मावळलं. मुद्दे त्याच्याकडं पुष्कळ होते, येताना गाडीत पाठ करून आणले होते. यावरचा एकही नव्हता.

त्यानं पिशवीतून आपली टोपी काढली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली.

“तुम्ही ‘नको’ म्हणा, मी ही इथंच ठेवून जातो. ते गाणं पुन्हा तोंडातून काढणार नाही. ‘घाल’ म्हणा, जगाला सांगेन की आबांनी दिली. पण एक काय ते बोला. मला असं मधे लटकत ठेवू नका.”

आबांनी ती टोपी उचलली. डोक्यावर घालून बघितली. मान इकडं हलवली, तिकडं हलवली.

“हलकी हाय रं. पुठ्ठा का?”

“हो.”

“बरं हाय. मान दुखत नसंल.”

त्यांनी ती काढली आणि खुंटीला आपल्या टोपीशेजारी टांगली.

“गा,” ते म्हणाले.

“आत्ता?”

“न्हाई तर काय मी मेल्यावर?”

मंदारनं सोपानकडं पाहिलं. सोपाननं तोंड फिरवलं. मंदारनं डोळे मिटले.

*उगवतीला तांबडं फुटलं, जाग माझ्या माउली,*
*पसाभर जोंधळा पडला झोळीत,*
*कुणाच्या नावानं गं माय, कुणाच्या नावानं…*

आवाज आधी अडखळला, मग मोकळा झाला. कोंबड्या टिपायच्या थांबल्या वगैरे काही झालं नाही, कोंबड्यांना कशाचं काय! पण शेजारच्या अंगणात भांडी घासणारी बाई राखेचा हात तसाच धरून बसून राहिली. ‘कुणाच्या नावानं’ म्हणून मंदारनं जी तान घेतली, ती चढत गेली, चढतच गेली, आणि ऐकणाऱ्यांना आपला श्वास अडकलाय हे ती खाली आल्यावरच कळलं.

त्या तानेच्या ऐन सुरुवातीला आबांनी हात वर केला होता. मंदारचे डोळे मिटलेले, त्याला दिसलं नाही.

गाणं संपलं. सोपानच्या हाताची घडी कधी सुटली ते त्यालाही कळलं नव्हतं. आबांचे डोळे भरले होते.

“लई ग्वाड,” ते म्हणाले. “आमच्या घराण्यात असा गळा झाला न्हाई. देवाशपथ सांगतो.”

मंदार त्यांच्या पायाशी वाकला.

“पर मधी… ते काय भरलंस?”

“ती तान?” मंदारला बरंच वाटलं, सगळे त्याच तानेचं विचारायचे. “तिथं जागा रिकामी होती आबा. पूर्वी कधीतरी ओळ हरवली असणार. ‘कुणाच्या नावानं’ असं विचारून गाणं तसंच थांबतं. मग मी तो प्रश्न वर आभाळाला नेऊन भिडवला. टाळ्या तिथंच पडतात.”

“अहो, ती जागा म्हणजे…” सोपान तावातावानं पुढं आला.

आबांनी एक बोट वर केलं. सोपान गप्प झाला.

“तू ऐकलंस कुठं हे गानं?”

“इथंच, तुमच्या गावात. मित्राच्या लग्नाला आलो होतो. पहाटे गच्चीवर झोपलो होतो, खालून तुम्ही गात गेलात. मी मोबाईलवर टिपून घेतलं.”

“खाली न्हाई आलास?”

“थंडी होती हो आबा. गोधडीतून बाहेर…”

“हां,” आबा म्हणाले. “गच्चीवरनं एवढंच ऐकू येतं.”

त्यांनी उपटलेलं पीस भिंतीच्या फटीत खोचलं.

“ऱ्हा आज. पहाटं चल माझ्यासंगं.”

पहाटे निघताना मंदारचा हात आपसूक खुंटीकडं गेला.

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “डोकं उघडं बरं. झोळी तेवढी धर.”

पुण्याचा नावाजलेला गवय्या, खांद्याला झोळी लावून निघाला. मागून थोडं अंतर ठेवून सोपानही आला. कशाला, म्हणून कुणी त्याला विचारलं नाही.

पहिलं घर अनसाबाईचं. म्हातारी सूप घेऊन उंबऱ्यात आली आणि तिनं दोन्ही हातांनी जोंधळा झोळीत ओतला. आबांनी गाणं धरलं. आबांचा आवाज फाटका, दम अपुरा. मंदारला मनात जरा कीवच आली.

*कुणाच्या नावानं गं माय, कुणाच्या नावानं…*

आणि आबा थांबले. चिपळ्या थांबल्या. टाळ थांबला.

मंदारच्या गळ्यात सवयीनं तान उभी राहिली.

…

“रंगूच्या,” अनसाबाई म्हणाली. अगदी हळू, सूप छातीशी धरून. आबांनी आवाज उतरवला, उंबऱ्यापुरताच ठेवला.

*रंगूला दान पावलं, माउली, रंगूला दान पावलं.*

रंगू म्हणजे तिची लेक, लहानपणीच गेलेली. पण ते मंदारला नंतर कळलं. त्या क्षणाला त्यानं एवढंच ऐकलं, की ते नाव गाण्यात असं बसलं, जणू गाणं त्याच नावासाठी रचलं होतं. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पुढच्या घरी गोठ्याशी उभा असलेला राकट गडी. गाणं थांबलं. गडी घुटमळला, जमिनीकडं बघत पुटपुटला, “सर्ज्याच्या.”

“बैल त्यांचा,” मागून सोपान म्हणाला.

मंदारला वाटलं, आता आबा हसतील. आबांनी सर्ज्याचं नाव रंगूच्याच सुरात, तेवढ्याच मायेनं घेतलं.

त्यापुढं तांबोळ्याचं घर. दारात आजोबा, डोक्यावर गोल टोपी.

“बानूबीच्या,” गाणं थांबायच्या आधीच ते म्हणाले.

“दम धर की मौलाभाई,” आबा म्हणाले. “इचारू तर दे.”

“साठ वर्षं झाली, माझ्या आईचं नाव विचारतोयस. पाठ झालंय मला.”

*बानूबीला दान पावलं.*

मंदारला भर थंडीत घाम फुटला. ज्या जागेवर त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडायच्या, ती जागा त्याची नव्हती. ती आबांचीही नव्हती. आबा इतकी वर्षं ती जागा नुसती दारादारात नेऊन ठेवत होते. आणि आपण तिच्यात काय कोंबलं! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त त्या गाण्याची भीती वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात चपला घालून शिरलो होतो हे आत गेल्यावर ध्यानात यावं तशी.

मग एक घर आलं. दारात तरणी बाई. कपाळ मोकळं.

तिनं जोंधळा ओतला. आबांनी गाणं म्हटलं आणि थांबले.

…

बाईचे ओठ हलले. आवाज आला नाही.

…

तिनं पुन्हा प्रयत्न केला. आबा तसेच उभे. हातातली चिपळी त्यांनी इतक्या हळू खाली घेतली, की तिची घुंगरंसुद्धा वाजली नाहीत. उगवतीला उजाडायला लागलं, कुठंतरी कुणीतरी मोट्ठ्यानं खाकरलं, रस्त्यानं दुधाचा गडी सायकल हातात धरून निघाला होता तो कोपऱ्यावरच उभा राहिला. मंदारनं मोठमोठ्या सभागृहांतली शांतता ऐकली होती. अशी ऐकली नव्हती. ही शांतता कुणी भरावी असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं. आणि ती भरण्याची ताकद ज्याच्या गळ्यात होती, तो झोळीचा बंद मुठीत घट्ट धरून उभा होता.

बाईनं मान हलवली आणि ती आत गेली.

आबांनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. गाणं तिथंच अर्धं ठेवलं आणि चालायला लागले.

बऱ्याच वेळानं मंदारनं विचारलं, “तिचा नवरा गेला का?”

“व्हय. औंदाच.”

“तुम्हाला नाव माहीत नव्हतं?”

“आसं कसं? बारशाला मीच गायलोय त्याच्या.”

“मग तुम्हीच का नाही घेतलंत?”

आबांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. मंदारला ती नजर सोसेना.

“उद्या येऊ परत,” आबा म्हणाले.

“आणि उद्याही नाही निघालं तर?”

“परवा.”

घरी आले तेव्हा अंगणात ऊन उतरलं होतं. आबा दमून ओट्यावर टेकले. मंदारनं झोळी खाली ठेवली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि निघालं ते भलतंच.

“आबा, तुम्ही सगळ्यांच्या दारात गाता. तुमच्या दारात कोण गातं?”

आबा पायाची धूळ झटकत राहिले. उत्तर सोपाननं दिलं.

“आपल्या दारात आपण गायचं नसतं. रीत आहे. माझा बाप ह्यांच्या दारात गायचा, हे आमच्या दारात गायचे. बाप गेला, मी इथं आबांपाशी राहायला आलो, दार एकच झालं… आता दुसरा वासुदेव आहे कुठं?”

“म्हणजे तुमच्या वडिलांचं नाव…”

“विचारलंच नाही कुणी,” सोपान म्हणाला.

तेवढ्यात आबा उठले. आपल्या टाळ-चिपळ्या त्यांनी मंदारच्या हातात दिल्या. झोळी उचलून त्याच्या खांद्याला लावली. त्याचे खांदे धरून त्याला दारासमोर उभं केलं. आणि स्वतः आत जाऊन, दाराआड, पाठ करून बसले.

मंदारनं टाळ बोटांत अडकवले. एवढी गर्दी त्यानं अंगावर घेतली होती, पण असं एकाच दारासमोर तो कधी उभा राहिला नव्हता. खांबाशी सोपान. हाताची घडी परत घातलेली.

त्यानं गायला सुरुवात केली. आवाज पहाटेच्या गारठ्यानं खरखरीत झालेला. कालच्यासारखं काहीच लागेना. तांबडं फुटलं, माउलीला जाग आली, जोंधळा झोळीत पडला…

*कुणाच्या नावानं गं माय, कुणाच्या नावानं…*

तान गळ्याशी आली. त्यानं ती गिळली.

…

सोपान हलला नाही.

मंदारच्या मनात आलं, यानं नाही घेतलं नाव तर? त्याला कुणी काही म्हणणार नाही. त्याचा बाप, त्याचं तोंड. मग आपण हे अर्धं गाणं घेऊन पुण्याला जायचं, आणि ते अर्धंच राहील. एवढं कळलं आणि नवल म्हणजे त्याची भीती गेली. तो उभा राहिला. उभं राहणं एवढंच काम आहे, असा उभा राहिला.

…

सोपाननं घडी सोडली. तो आत गेला. कणगीचं झाकण वाजलं. सूप घेऊन तो उंबऱ्यात आला. ज्याला त्यानं साऱ्या जगासमोर चोर म्हटलं होतं, त्याच्यापुढं तो सूप धरून उभा होता.

“जोतिरामच्या,” तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, “माझ्या बापाच्या. जोतिरामच्या नावानं.”

*जोतिरामला दान पावलं, माउली, जोतिरामला दान पावलं.*

मंदारचा आवाज फुटला. फुटला तसाच त्यानं तो जाऊ दिला. दाराआडून म्हाताऱ्याचा हुंदका आला, एकच, खोल विहिरीत दगड पडावा तसा.

सोपाननं जोंधळा ओतला. निम्मा झोळीत गेला, निम्मा भुईवर सांडला. दोघं खाली बसले आणि काही न बोलता दाणे वेचायला लागले. कोंबड्या धावल्याच.

“हड्!” सोपान म्हणाला. आणि मग, मंदारकडं न बघता, “च्या टाकतो. घेऊनच जावा.”

चहा झाला. मंदार निघाला. खुंटीवर दोन टोप्या शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या. त्यानं आपल्या टोपीकडं पाहिलं, पण काल विचारलं होतं ते पुन्हा विचारलं नाही. अंगणाच्या कडेला जाऊन मात्र तो परत फिरला.

“आबा… इथं ठीक आहे. इथं दार आहे, सूप आहे. पण तिथं समोर नुसता अंधार असतो. तिकीट काढून आलेली माणसं. तिथं मी असा गप्प झालो, आणि कुणीच काही बोललं नाही, तर?”

सोपाननं कप खाली ठेवला. त्यालाही ऐकायचं होतं.

आबांनी भिंतीच्या फटीतलं मोडकं पीस काढलं, बोटांत फिरवलं.

“किती मान्सं आस्त्यात?”

“हजारभर असतात. सगळं भरलेलं असतं.”

आबांचा हात थांबला.

“हजार…” ते म्हणाले. “आन् एकाच्याबी घरचं कुनी गेलेलं न्हाई?”